म्हशींना बंदी नव्हती

तराफा तिनं बांधला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावात प्रत्येकाला आपलाच हात लागल्याचं आठवायला लागलं.

आमच्या शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाची सहल दरवर्षी चोरखमाऱ्याच्या जलाशयावर जाते. धान कापून, मळणी होऊन घरं जरा मोकळी झाली की मग. बांबू आणि तेलाच्या रिकाम्या पिप्या दोरीनं बांधून तराफा करायचा आणि पाण्यात सोडायचा, हा त्या सहलीचा जीव. बाकी शेकोटी, गाणी, भाजलेले बटाटे असतातच, पण पोरं वर्षभर बोलतात ते तराफ्याबद्दल. त्या वर्षी मुलांनी बांधलेला तराफा पाणी लागायच्या आधीच सुटला. पिप्या एकीकडे, बांबू दुसरीकडे. मग मुलींची संघनायक, म्हणजे त्यांच्या तुकडीची पुढारी, पुढे आली. नववीतली मुलगी, काटकुळी, आवाज मात्र ट्रॅक्टरचा. तिनं सगळ्या गाठी सोडल्या आणि प्रत्येक जोडावर गुडघा रोवून नव्यानं आवळल्या. पथकाचे सर तराफ्यावर चढून उड्या मारत राहिले. एक बांबू हलला नाही.

"वा," सर म्हणाले. "आता ऐका. ज्याला पोहता येतं तोच बसेल. तो बांबू रोवलाय ना पाण्यात, तिथवर जायचं आणि परत यायचं. जमलं तर तराफ्यावर, नाहीतर काठावर."

मुलांनी शर्ट काढले आणि धपाधप पाण्यात. मुली काठावर राहिल्या. एकजात सगळ्या.

"सर, बांधला तर मीनं," संघनायक म्हणाली.

"माहीत आहे बेटा. पण बुडालीस तर तुझ्या बापाला मी काय सांगू?"

"जॅकेट घालीन ना मी."

"जॅकेट सगळेच घालतील. पण ज्याला पाणी माहीत नाही त्याला मी जॅकेट घालूनसुद्धा नेत नाही."

तराफ्यावरून एक हिरो ओरडला, "अवो संघनायक, टॉवेल सांभाळ ना आमचे!"

मी तेव्हा पथकातल्या मुलींची मदतनीस म्हणून गेले होते. मला राग आला, आणि राग आला की मी चूक कोणाची ते शोधते. इथे अडचण अशी की सरांचा नियम बरोबर होता. पोहता न येणाऱ्या मुलीला खोल पाण्यात नेणारा माणूस मीसुद्धा ठेवला नसता. मग चुकलं कुठे? मुलांना पोहायला कोणी शिकवलं, हे विचारा. कोणीच नाही. आमच्या गावाला बोडी आहे, म्हणजे छोटा तलाव. दवनीवाड्याच्या बाजारापासून आमच्या गावापर्यंत अशा कितीतरी बोड्या लागतात. मुलगा चालायला लागला की बोडीत उडी मारतो, नाकातोंडात पाणी जातं, मोठी पोरं हसतात, आणि तो शिकतो. मुलगी त्याच बोडीवर जाते. कपडे धुते, भांडी घासते. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की काठावरून कोणीतरी खेकसतं. तलावांचा जिल्हा म्हणून मिरवायचं, आणि अर्ध्या पोरांना पाण्याची भीती घालून वाढवायचं. हा काय प्रकार आहे?

परतताना टेम्पोत ती माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "ताई, पुढच्या साली माही दहावी. मंग पथक सुटते. म्हंजे पुढची सहल शेवटची."

"हो."

"मले त्याच्यावर बसाचं आहे."

एवढंच. रडली नाही, चिडली नाही. मी म्हटलं, बसशील. आणि घरी येऊन मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं.

गोंदियाच्या कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला शिकले. वर मागणी, मध्ये कारणं, शेवटी इशारा. आमच्या संघटनेत एक दादा होता, तो म्हणायचा, वाक्य छोटं ठेव, वाचणारा सायकलवर असतो. मी छोटी वाक्यं लिहिली. गावची बोडी गावाची आहे. मुली गावाच्या आहेत. मुलींना पोहायला शिकण्यासाठी रोज सकाळी बोडी राखून ठेवा. नाही ठेवली तर आम्ही बसून राहू. झेरॉक्स काढल्या, आठवडी बाजारात वाटल्या, एक ग्रामपंचायतीत दिली.

पंचायतीनं कधी नव्हे ती झटकन कारवाई केली. पुढच्या बाजाराच्या आत बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाटी उभी राहिली, पिवळ्यावर लाल अक्षरांत: "बोडीत पोहण्यास सक्त मनाई." मुलींना नव्हे. सगळ्यांना.

मी तरातरा उपसरपंचांकडे गेले. ते किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच तं समानता मागितली मॅडम," ते म्हणाले. "देऊन टाकली."

ओट्यावरचे सगळे हसले. तिकडे पथकातली मुलं माझ्यावर उखडलेली. "ताई, तुमच्यापायी आमचं बी गेलं," म्हणायला लागली. त्यांचंही खरं होतं. मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं. त्यात 'हुकूमशाही' हा शब्द आला होता, 'षड्‌यंत्र' येणार होता. संघनायक मुलीनं ते उभ्यानंच वाचलं आणि परत दिलं.

"चांगलं आहे ताई. पन पत्रक पान्यावर तरंगते, मी नाई."

म्हणून मी तिच्या घरी गेले. तिच्या आईला पटवायचं, आईनं इतर बायकांना पटवायचं, आणि बायकांचा मोर्चा पंचायतीवर न्यायचा, असा माझा बेत. घर खाऊनपिऊन बरं. धानाची शेती, दारात म्हशी, दुधाचा रतीब. आई गोठ्यात वैरण टाकत होती. मी तिथेच उभी राहून बोलायला लागले. मुलींचा हक्क, पाण्यापासूनची सुरक्षितता, मुलीचं शेवटचं वर्ष. ती ऐकत वैरण टाकत राहिली. सगळ्या म्हशींपुढे टाकून झाल्यावर हात झटकून म्हणाली, "झालं तुमचं? आता चहा घ्या."

"तुम्ही काहीच बोलत नाही."

"मी का बोलू? तुमचं सरून तं जाऊ द्या." मग तिनं विचारलं, "त्या पाटीवर म्हशीचं काही लिवलं आहे का?"

"म्हशीचं? नाही."

"म्हस धुवू नये, असं?"

"नाही."

"मंग," ती म्हणाली, जणू एवढ्यात सगळं आलं.

मला कळायला वेळ लागला. तिनं सांगितलं ते असं. तिचं माहेर सालेकशाकडे, जंगलाच्या कडेला. लहानपणी म्हशी चारायचं काम तिचं. दुपारी म्हशी तलावात शिरत, आणि म्हशी शिरल्या की राखणाऱ्यानं काठावर बसून काय करायचं? ती शेपूट धरून मागे जायची. म्हैस ओढायची, ही पाय मारायची. होता होता शेपूट कधी सुटली ते तिचं तिलाच कळलं नाही.

मुलगी चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती.

"माय, तुले पोहता येते?"

"येत होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतली?"

"तू कधी इचारली?"

"अन् इथी काऊन नाई पोहत?"

"सासरच्या बोडीत सून पोहते का कोठी!" आई हसली, पण हसणं पुरतं नव्हतं. "कप ठेव खाली. सांडून राहिली तू."

मी मोर्च्याचा विषय गुंडाळला. प्रामाणिकपणे सांगते, मोर्चा झाला असता तर मला जास्त आवडलं असतं. पण मोर्च्यात पोहणं शिकता येत नाही.

उन्हं तापली आणि सकाळच्या शाळा सुरू झाल्या. शाळा सुटली की मायलेकी म्हशी घेऊन बोडीवर. मुलीनं सलवार घातली होती, तर आईनं पहिल्याच दिवशी तिला घरी परत पाठवून भावाची हाफपँट घालायला लावली. "सलवार पाय बांधते," म्हणाली. बापाला विचारलं का, असं मी विचारलं. विचारलं होतं. बाप म्हणाला होता, "म्हसी धुतल्या जाऊन राहिल्या ना? मंग मले काय इचारता."

सरांना मी कळवलंच होतं. मला वाटलं होतं, नियमाचा माणूस आहे, पाटी दाखवेल. ते मोटरसायकलवर पथकाची दोरी आणि शिट्टी घेऊन आले. दोरी मुलीच्या कमरेला, दुसरं टोक काठावर आम्हा दोघांच्या हातात. खोल पाण्यात एका वेळी एकच मुलगी. सर बोडीकडे पाहत होते, पाटीकडे पाठ करून.

"शेपटी धर," आई पाण्यातून सांगत होती. कासोटा घालून ती छातीभर पाण्यात उभी. "अशी नाई, मुळाशी धर. पाय मार. म्हस पानी सोडत नाई, तू म्हशीले सोडू नको. अन् डोरे कायले मिटते? पानी काही सासू नाई तुही!"

म्हैस आपल्या तोऱ्यात निघाली, नाक वर, शिंगं मागे. मागे ही मुलगी, किंचाळत. ते किंचाळणं भीतीचं होतं तोवर आई गप्प होती. थोड्या वेळानं त्याचा सूर बदलला आणि आई ओरडली, "आता पुरे, म्हस भेली!"

दुसऱ्या मुली आल्या. मग त्यांच्या आया आल्या, आधी बघायला म्हणून. त्यातल्या आणखी काहींना पोहता येत होतं, हे मला तिथेच कळलं. कोणी माहेरच्या नाल्यात शिकलेली, कोणी शिंगाडे काढताना. एवढ्या बायका, आणि एकीनंही लग्नानंतर तोंडातून शब्द काढला नव्हता. मी चिडून विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, "बाई, इथी रांधता येते का एवढंच इचारतेत." ज्यांच्या घरी म्हैस नव्हती त्या मुली शेजारची मागून आणायच्या. एकेका म्हशीमागे तीन-तीन धुणाऱ्या. त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या म्हशी इतक्या चकाकत होत्या की दूधवाला विचारायचा, काही प्रदर्शन आहे का.

आणि मग एके दिवशी पाळीवर उपसरपंच.

"का चालून राहिलं हे? पाटी दिसून नाई राहिली का?"

सरांनी शिट्टी खिशात टाकली. मी तोंड उघडणारच होते, पण आई पाण्यातूनच बोलली.

"दिसून राहिली ना भाऊजी. पन म्हशीले वाचता नाई येत."

"अन् या पोरी?"

"पोरी म्हसी धुऊन राहिल्या."

"अशी धुतेत का म्हस?"

"मंग कशी धुतेत? तुम्ही कधी धुतली का?" काठावरच्या बायका खिदळल्या. आईनं हात लांब केला. "तुमच्या घरची म्हस बी आतच आहे, ते पाहा. तिची शेपटी कोनाच्या हातात आहे ते बी पाहून घ्या एकडाव."

उपसरपंचांनी पाहिलं. शेपटी त्यांच्या सहावीतल्या मुलीच्या हातात होती. तिनं बापाला पाहिलं, पण शेपटी सोडली नाही. सोडून कुठे जाणार? खाली पाणी होतं. माणसानं पाटीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. रागवायचं होतं, पण कशावरून सुरुवात करावी ते सापडत नव्हतं. शेवटी म्हणाला, "तिले सर्दी होते लवकर. डोकं पुसून घेजा." आणि गेला. पाटी काढली नाही. ती अजून उभी आहे, आणि त्याच उन्हाळ्यात पथकातली मुलंही म्हशी घेऊन यायला लागली.

आता वाटेल, सुटला प्रश्न. नाही सुटला. संघनायक मुलीला शेपूट सोडता येईना. इतर लहान मुली सुटल्या, उपसरपंचांची मुलगी तर आठवड्यात बेडकासारखी. ही मात्र शेपूट सोडली की दगड. एकदा म्हैस मध्येच वळली, शेपूट हातातून निसटली, आणि हिनं इतकं पाणी प्यायलं की आम्ही दोरी ओढून बाहेर काढली. काठावर पालथी पडून खोकत होती. लहानग्यांनी पाहिलं, हे तिला जास्त लागलं. संघनायक ना ती.

"राहू दे आता," मी म्हटलं.

"तुमचं आपलं बरं आहे ताई. तुम्हाले कोठी तराफ्यावर बसाचं आहे."

तेवढ्यात उन्हाळी धानाला बोडीचं पाणी सोडलं, आणि पाणी दिवसागणिक उतरत गेलं. आधी म्हशींच्या पोटापर्यंत आलं, मग गुडघ्यांपर्यंत, मग चिखल उरला. म्हशी खूश. पोहणं संपलं. पाऊस आला, बोडी भरली, पण धानाची रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागली, आणि रोवणीत आमच्याकडे पथक, शाळा, सहल असलं काही नसतं. ज्याला हात आहेत तो बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतो. मला वाटलं, गेलं हे वर्ष. दहावीची मुलगी, रोवणीनंतर अभ्यास, मग दिवाळी. आता कुठे शिकणार?

रोवणी संपत आली होती तेव्हा तिची आई मला दूध घालायला जाताना भेटली. सायकल न थांबवताच म्हणाली, "काल सुटली जी ते."

"कोण सुटली?"

"शेपटी!"

झालं होतं असं. दिवसभर चिखलात वाकून राहिलेल्या बायका संध्याकाळी घरी जायच्या आधी बोडीवर हातपाय धुतात. ही त्यांच्यात होती. कमरेपर्यंत चिखल, तो खळबळायला आत गेली, आणखी आत गेली, आणि बायका रोवणीच्या थट्टामस्करीत असताना आपली निघाली. मध्ये म्हैस नव्हती, दोरी नव्हती, सर नव्हते, मी नव्हते. आईनं पाहिलं आणि हाक मारली नाही. "हाक मारली असती तं बुडाली असती," म्हणाली. मुलगी शिंगाड्याच्या वेलापर्यंत गेली आणि परत आली. मला हे पाहायला मिळालं नाही याचं अजून वाईट वाटतं. पण बरंच झालं. मी असते तर टाळ्या वाजवल्या असत्या.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. पथकानं नेहमीसारखं गर्दीला पाणी पाजलं, हरवलेली लेकरं मायबापांकडे पोचवली. मुली आता वेगळ्या चालायच्या, किंवा मलाच तसं वाटायचं. मग धान कापला गेला आणि चोरखमाऱ्याची सहल ठरली.

जलाशय बोडीसारखा नसतो. पाणी थंड, काळं, पलीकडचा काठ लांब, मागे जंगल. बांबू मागच्याच अंतरावर रोवलेला. तराफा तिनंच बांधला. या वेळी मुलांनी आधी हात लावायचं धाडसच केलं नाही. मग सर म्हणाले, "कोण कोण?"

मुलांबरोबर तीन मुली पुढे झाल्या. संघनायक, आठवीतली एक, आणि उपसरपंचांची.

संघनायक उतरली तशी थंडीनं तिचा श्वास अडकला. मग निघाली. आणि मुलं हसायला लागली. कारण ती पोहत होती ती म्हशीसारखी. मान ताठ वर, हनुवटी पाण्याला लागू द्यायची नाही, नाकातून फुर्र फुर्र, आणि खाली पाय असे मारायची की पाणी ढवळून निघायचं. ती दुसऱ्या कोणाकडून शिकलीच नव्हती.

"अबे, म्हस आली रे म्हस!"

"शिंगं कोठी आहेत बे?"

ती बांबूपर्यंत गेली. हात लावला. वळली. परत येताना मध्येच थांबली, नुसतीच जागेवर पाय मारत. मुलांचं हसू थांबलं. सर कमरेइतक्या पाण्यात शिरले, शिट्टी तोंडात, पण वाजवली नाही. मी ओरडणार होते, मग तिच्या आईनं हाक मारली नव्हती हे आठवलं आणि दात आवळून उभी राहिले. ती श्वास घेत होती, एवढंच. म्हैस घेते तसा, घाई नसल्यासारखा. मग पुन्हा फुर्र, आणि निघाली. काठाला लागली तेव्हा ओठ निळे होते.

एक मुलगा सरांना म्हणाला, "सर, हे काही पोहनं नाई झालं."

"बांबूपर्यंत जाऊन परत यायचं, असं मी म्हटलं होतं," सर म्हणाले. "कसं ते म्हटलं नव्हतं. जॅकेट दे तिला."

उपसरपंचांची मुलगी सुळकन जाऊन आली. आठवीतली अर्ध्यावरून परतली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली.

तराफा पाण्यात सोडला. संघनायक पुढे, लांब बांबू हातात. पहिलं काम तिनं काय केलं, तर सगळ्यांच्या जागा बदलल्या. "तू मांगं बस. तू मधात. वजन एकीकडं कायले टाकून राहिले तुम्ही?" आणि मुलं बसली, जिथे सांगितलं तिथे. तराफा जरा कलला, सरळ झाला, निघाला.

मी काठावर उभी राहून त्या मुलांना, पंचायतीला आणि एकूण जगाला सुनवायची वाक्यं मनात जुळवत होते. तेवढ्यात पाण्यावरून तिचा ट्रॅक्टरचा आवाज आला. माझ्यासाठी नव्हता.

"ओ आठवीवाली! बसली कायले? मान वर ठेव अन् पाय मार! जा अजून एकडाव!"

आठवीतलीनं डोकं वर काढलं. सरांकडे पाहिलं. सरांनी जेवणासाठी सगळ्यांना गोळा करायला शिट्टी तोंडात धरली होती. ती त्यांनी काढली, दोरी घेतली आणि पुन्हा पाण्यात उतरून उभे राहिले.

मुलगी उठली, बाह्या वर केल्या आणि बांबूकडे निघाली.